शेवटच्या डब्यातली वाफ

नॉर्थ डाकोटातल्या एका जंक्शनवर सेल्मर ब्रेक्केने चोवीस वर्षं रेल्वेगाड्यांखाली दुरुस्ती करण्यात घालवली, आणि साहेबलोकांशी त्याचं एक दिवसही पटलं नाही. कोळशाची इंजिनं गेली, चकचकीत डिझेल आली. साहेबांना वाटलं, आता थंडीही आपल्या हुकमात. पण डबे तापायचे ते अजून वाफेवरच. डिझेलच्या पोटात त्यासाठी वेगळा बॉयलर असे. त्याची वाफ डब्यांखालच्या पाइपातून शेपटापर्यंत जाई. शेवटच्या झडपेतून वाफ बाहेर पडली, की पाइप मोकळा आहे असं समजायचं.

एकोणीसशे त्रेपन्नच्या जानेवारीत, उणे पस्तीस अंशांच्या सकाळी, यार्डात गारठलेला एक डबा गाडीला मागून जोडला. त्यात बेचाळीस माणसं चढली. सेल्मरने झडप उघडली, तर वाफेचा पत्ता नाही. पाइप गोठला होता. त्याने इंजिनापुढे निळी झेंडी रोवली आणि उकळतं पाणी घेऊन डब्याखाली शिरला. निळी झेंडी लावणाऱ्यानेच काढायची. तोवर गाडी हलवायची कुणाची टाप नव्हती.

विभागाचे प्रमुख व्हिटलॉकसाहेब त्याच गाडीने निघाले होते. ते घड्याळ बघत आले.

"ब्रेक्के, झेंडी काढ. पुढच्या स्टेशनात बघतील."

"पुढचं स्टेशन दोन तासांवर आहे, साहेब. आत तान्ही पोरं आहेत."

"कोट घालतील. नोकरी नकोय का तुला?"

"हवी की. तुम्ही दोन तास त्या डब्यात बसता का? आत्ता काढतो झेंडी."

साहेब लाल झाले. बसायला मात्र गेले नाहीत.

"आजपासून कामावर येऊ नकोस."

"बरं. झेंडी तेवढी मीच काढीन," असं म्हणत सेल्मरने पुढची बादली ओतली.

शेवटी पाइप गुरगुरला आणि झडपेतून पांढरी वाफ फुसफुसली. सेल्मरने झेंडी काढली. गाडी गेली.

आठवड्याने चौकशीचा कागद घरी आला : गाडी वीस मिनिटे का रोखली?

"चुकलो म्हणून लिही आणि मोकळा हो, कामावर परत घेतील," बायको सिग्ने म्हणाली. "पुढचा महिना कसा काढायचा, माहितीये?"

माहीत होतं. भीतीही वाटत होती. तरी त्याने पेन्सिल घेतली आणि लिहिलं : "वीस नाही, सव्वीस. पाइप मोकळा व्हायला तेवढी लागली. पुन्हा गोठला, तर पुन्हा रोखीन."