गल्ल्यात मिरं ठेवणारा

युरोपातले गोरे लोक समुद्र ओलांडून आपल्याकडे का आले, हे जगात एकाच माणसाला नक्की ठाऊक आहे, आणि तो कोरेगावात मसाल्याचं दुकान चालवतो. माझी शाळा चौथीत संपली. मला खोटं पाडायचं असेल त्यानं खुशाल पाडावं, पण आधी त्या माणसासमोर एक दुपार बसून दाखवावं. मी उभी हयात बसलोय.

मी कडेगावचा ऊसवाला. कोरेगाव हे आमच्या मंडळींचं माहेर, म्हणून तिथं शेंबड्या पोरापासून सगळे मला दाजी म्हणतात. ज्याला अख्खं गाव चाचा म्हणतं तो हा मसालेवालाही दाजीच म्हणतो. दर उन्हाळ्यात मिरच्यांचं पोतं एष्टीत घालून आम्ही दोघं वर्षाची चटणी करायला त्याच्याकडे जायचो. दुकानाच्या मागंच त्याचा डंक आहे, लोखंडी मुसळांचा, सुरू झाला की शेजारच्या भिंती हलतात. कडेगावात डंक नाहीत का? ढीग आहेत. पण "थितल्या मुसळांना जीव न्हाई," असं आमची मंडळी म्हणायची. तिच्या तोंडाला कोण लागणार!

बाकीचे दुकानदार गल्ल्यात पैसे ठेवतात. चाचा गल्ल्यात काळं मिरं ठेवतो, वर कुलूप लावतो, आणि नोटा वेलदोड्याच्या रिकाम्या डब्यात कोंबतो. विचारलं तर म्हणतो, "नोटंपायी कुनी जहाज बुडीवलं न्हाई दाजी, ह्याच्यापायी बुडीवली." सर्दी झालेल्या गिऱ्हाईकाला तो माल देत नाही. लग्नघरचा एक आचारी नाक पुसत आला, तर त्याला पायरीवरूनच परत लावून दिलं. "नाक मोकळं झालं की ये. आत्ता तुला लवंग आन खिळा सारखाच." लग्न उद्यावर आलेलं, आचारी रडकुंडीला आला, पण चाचा हलला नाही. शेवटी नवऱ्या मुलाची आत्या येऊन मसाले हुंगून गेली, तेव्हा पुड्या बांधल्या.

नातीच्या इतिहासाच्या पुस्तकातलं एक पान त्याला पाठ आहे. त्या पानात जे नाही ते तो पदरचं घालतो. "तिकडं पिकतंय काय? गहू आन थंडी," अशी सुरुवात. "अळणी खाऊन जीव उबगलेला. त्यात एकदा आपलं मिरं जिभंला लागलं. पर ते थितवर पोचायचं कसं? मलबारातनं निघालं की अरबाच्या हातात, अरबाकडनं तुर्काच्या, तुर्काकडनं व्हेनिसच्या शेठजीच्या. टोलनाकं दाजी, नुसतं टोलनाकं! जो त्यो मूठ मारतोय. शेवटाला गोरा म्हनला, खड्ड्यात गेला तुमचा रस्ता, मी पान्यातनं जातो. आख्ख्या आफ्रिकेला वळसा घातला गड्यानं, पर नाका चुकीवला!"

एका मास्तरांनी मध्येच तोंड घातलं, की त्यांना सोनंही पाहिजे होतं, आपला धर्मही पसरवायचा होता. चाचानं हात झटकला. "आले मिऱ्यापायी. बाकीचं वाटंत उचाललं. तुमी न्हाई का, मीठ आनायला बाजारात जाता आन टोपी घिऊन येता?" मास्तरांच्या डोक्यावर टोपी नवीच होती.

फिरंगी आला याचा चाचाला राग नाही. तो रांगेत उभा राहिला नाही, याचा आहे. "गिऱ्हाईक म्हनून आला आन मालक हून बसला!" साताऱ्याच्या एका कारखान्यात मशीन जोडायला आलेला गोरा इंजिनियर एकदा दुकानात शिरला आणि त्यानं सरळ बरणीत हात घातला. चाचानं मनगट धरलं. "रांगंत! मागल्या खेपंला असंच घुसलासा."

त्याच्या ड्रायव्हरची तारांबळ उडाली. "आवं चाचा, ह्यो जर्मनीचा हाय. त्ये फिरंगी येगळं."

"मग ह्यो तर लयच उशिरा आला. सगळ्यात मागं हुबा कर."

तो बिचारा बायकांच्या मागं हसत उभा राहिला. नंबर आल्यावर चाचानं त्याच्या तळहातावर मिरं ठेवलं. चावल्याबरोबर गड्याचे कान लाल झाले. "बघा," चाचा रांगेला म्हणाला, "आजून बी सोसत न्हाई!"

लोक त्याला येडा म्हणतात. म्हणू देत. शहाण्या माणसांनी माझं काय भलं केलं तेही मी बघितलंय.

दिवाळीनंतर आमची मंडळी गेली. पाव्हणे आले, रडले, जेवले, गेले. तिच्या हातची चटणी तेवढी बरणीत राहिली. रोज भाकरीवर थोडी थोडी घेत होतो, आणि उन्हाळा आला तशी बरणी तळाला आली. सून वाईट नाही. तिनं आपली बाजारातनं मसाल्याची पिशवी आणून फळीवर ठेवली. "मामा, आता येवढा कुटाणा कोन करनार?"

मी पिशवी उचलून दाराबाहेर ठेवली. म्हटलं, "मी करनार."

मुलगा म्हणाला, "आण्णा, तुमाला चा करता येत न्हाई."

"न्हाई येत. मग?"

मिरच्या वाळवल्या, देठं खुडली, चुरचुरणारे हात घेऊन आठ दिवस हिंडलो आणि पोतं घेऊन एकटाच कोरेगावला गेलो. तळातली चिमूटभर चटणी पुडीत बांधून नेली होती, चव लावून बघायला. चाचा मला बघून उठलाच. "ब्येस केलंसा! पिशवीतला मसाला म्हंजी फोटूतली बायको..." आणि त्यानं जीभ चावली. गिऱ्हाइकांना तो कायम असंच म्हणायचा, त्यात माझ्यासाठी वेगळं काही नव्हतं. मी म्हटलं, "खरं हाय. चल, लाग कामाला."

त्यानं पुडी डोळे मिटून हुंगली. पुन्हा हुंगली. "लवंग किती, दालचिनी किती, मला काय ठावं? तिनं कवा मापू दिलं? तागडी बाजूला सारायची आन मुठीनं उचलायची. ती मूठ आता कुठनं आनू?"

अंदाजानं घातलं. तळलं, डंकाखाली कुटलं, चाखलं. नव्हती. लवंग वाढवली, पुन्हा कुटलं. नव्हती. खोबरं घातलं, धने घातले. डंक तापला, आमची तोंडं भाजली. मी म्हटलं, "परत." चाचानं डंक बंद केला आणि पोत्यावर बसला.

"दाजी, त्या गोऱ्यांतला एक गडी आपल्याकडचं मिरं आनाय निघाला आन वाट चुकला. भलत्याच मुलखाला लागला. थितं मिरं न्हवतंच. ही हुती." त्यानं माझ्या पोत्यातली एक मिरची उचलली. "मिऱ्यावानी तिखाट लागली म्हनून आपन म्हनलं मिरची. त्येला मिरं काय गावलं न्हाई."

"म्हंजी तिची चटणी आता गावायची न्हाई, असंच न्हवं?"

चाचानं हातातली मिरची परत पोत्यात ठेवली. दारात गिऱ्हाईक ताटकळत होतं, त्याच्याकडंही त्यानं बघितलं नाही. मग हळू म्हणाला, "न्हाई गावायची. पर ही बी टाकू नगासा."

नाही टाकली. तिची बरणी तळाला उरलेल्या चटणीसकट झाकण लावून तशीच ठेवली आहे, कुणाला धुऊ देत नाही. नवी दुसऱ्या बरणीत भरली. घरातले रोज खातात आणि झकास झालीय म्हणतात. माझं मन राखायला म्हणतात. लवंग जास्त पडली आहे. तोंडावर सांगणारी एकच होती.