सीताफळाची खूण

पिकलेल्या सीताफळाचा वास आला की नाशिकमधलं बंद पडलेल्या चर्चचं ते कबरस्तान आठवतं. नोव्हेंबरात आमच्यात कबरींवर मेणबत्त्या लावतात. माझ्या आधीच्या, पाळण्यातच गेलेल्या भावासाठी आई बऱ्याच वर्षांनी मला घेऊन तिथं गेली. एवढ्याशा बाळाला दगड कोण बसवतो, म्हणून तिनं उशाशी खुणेला सीताफळाचं रोप लावलं होतं. गंजलेलं फाटक ढकललं, तर आत सीताफळांचं रानच माजलेलं! पाखरांनी, खारींनी बिया कुठच्या कुठं नेलेल्या. कमरेएवढ्या गवतातून आई एकेक बुंधा चाचपत फिरली. "अगं, मी एकच लावलं होतं गं, एकच," म्हणत राहिली. मेणबत्ती तशीच पिशवीतून परत आली. आता आईही नाही. पण सीताफळाची एकही बी मी अजून मातीत पडू देत नाही.