गिरणीवरचं थेटर गेलं

आमचं थेटर काल मेलं. ज्यांनी मारलं त्यांनीच आज स्टेटसला दिवा लावलाय.

इथं खाली रडके चेहरे टाकू नका. मला ते बघायला चष्मा शोधावा लागतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. हडपसरला आमच्या गल्लीत पिठाची गिरणी आहे, तिच्या वरच्या मजल्यावर एक हॉल होता.
लोखंडी खुर्च्या, एक पडदा, दोन पंखे. त्यातला एक फिरायचा.
बोर्डावर नाव वेगळं होतं, पण त्यात जोडाक्षरं फार. माझी शाळा तिसरीत सुटली. मी थेटर म्हणायचे, मग सगळेच म्हणायला लागले.

चालवायचे आमचे सर. शाळेतून रिटायर झालेले, चित्रकला शिकवायचे. गल्लीतली पोरं, बायका, रिक्षावाले, कुणालाही धरून नाटकात उभं करायचे.

मी झाडायला होते.

माईक नव्हता. आणि खाली गिरणीची घरघर.
म्हणून सरांनी पहिल्याच तालमीला मला शेवटच्या रांगेत बसवलं. म्हणाले, "अनुसयाबाई, ऐकू नाही आलं की झाडू वर करायचा."
"आणि ऐकू आलं, पण कळलं नाही तर?"
"तरी वर करायचा."

तेव्हापासून हीच पद्धत. झाडू वर गेला की बोलणारा थांबायचा, आणि तेच वाक्य परत, मोठ्यांदा.
कॉलेजात बक्षिसं घेतलेला एक जण माझ्यावर चिडला होता.
"आजी, हा पॉज आहे."
मी म्हणलं, "असू दे बाबा. पॉजच्या आधी काय म्हणलास?"

आता मेलं कशानं, ते सांगते.

फुकटानं.

सरांना तिकीट लावायची लाज वाटायची. "आपल्याच माणसांकडून काय पैसे घ्यायचे, अनुसयाबाई." सगळ्यांना पास. प्रत्येक पासावर सर स्वतःच्या हातानं मोर काढायचे.
मी सांगत होते, सर, फुकट बसलेला माणूस मध्येच उठून कोथिंबीर आणायला जातो. नाही ऐकलं.

भाडं सरांच्या पेन्शनीतून जायचं. मग सरांच्या घरी वहिनींचं आजारपण निघालं, पेन्शन तिकडं वळली आणि भाडं थकलं. मालक तसा वाईट नाही, वर्षभर थांबला. मग म्हणाला, दिवाळीपर्यंत बघा, नाहीतर हॉल गोडाऊनला देतो.

तेव्हा सरांनी पहिल्यांदा तिकीट लावलं. दर शनिवारी नाटक, शंभर रुपये. दारात मी.

पहिल्याच शनिवारी मागच्या सोसायटीतले एक साहेब आले.
"आजी, चार पास ठेवलेत ना? फॅमिली आहे."
"पास बंद. तिकीट आहे."
"अहो, पण आम्ही तर पहिल्यापासून येतो."
"म्हणूनच ही वेळ आली."
साहेब फॅमिली घेऊन समोर पिझ्झा खायला गेले. तिथं पास मागितला का, ते मला दिसलं नाही.

दुसऱ्याचं कशाला सांगू. माझी सख्खी नात आयटीत आहे, हे खातंही तिनंच काढून दिलंय. तिचा ऑफिसातून फोन.
"आजी, आमच्या टीमसाठी सहा पास मिळतील?"
मी फोन ठेवून दिला. पोरीला तरी काय बोलणार. लहानपणापासून तिनं मोरच बघितलाय. तिकीट बघितलं कुठं?

शेवटच्या शनिवारी नऊ माणसं होती. त्यातले दोघे नटाचे आईबाप.
सरांनी नऊ जणांपुढं अख्खं नाटक केलं, एक ओळ कापली नाही. सोमवारी जाऊन मालकाला सांगून आले, चावी देतो.

मग सरांनी ग्रुपवर टाकलं. रविवारी निरोपाचा कार्यक्रम, प्रवेश मोफत.

काल हाऊसफुल. जिन्यात माणसं. पिझ्झावाले साहेब पहिल्या रांगेत, फॅमिलीसकट. सगळे सेल्फी काढत होते आणि मला विचारत होते, "असं कसं हो झालं, आजी?"
मी माझा झाडू घेतला आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसले.

शेवटी सर बोलायला उभे राहिले. लोक गप्प झाले, फोन वर झाले. सरांचे ओठ हलले. मला काही ऐकू आलं नाही.

मी झाडू वर केला.

सरांनी बघितलं. थांबले. मी वाट बघितली.
इतक्या वर्षांत झाडू वर गेला आणि वाक्य परत आलं नाही, असं कधी झालं नव्हतं.
सरांनी माझ्याकडं बघून नुसती मान हलवली, हात जोडले आणि आत गेले. पहिल्या रांगेनं टाळ्या वाजवल्या.

जिना उतरताना नात म्हणाली, "गिरणीच्या आवाजात ऐकू आलं नसेल गं तुला."

काल रविवार. गिरणी बंद होती.

आज सकाळी जाऊन हॉल झाडून आले. खुर्च्या भंगारवाल्यानं नेल्या, त्यांच्या पायांचे गोल डाग फरशीवर राहिलेत. घासून बघितले, जात नाहीत.

थेटरा, माझा नमस्कार घे. दार ओढून घेतलंय.