विमानाच्या वाटेवरचं गाव

माझ्या लग्नाला मामा विमानाने येणार, ही बातमी सोनपेठच्या बाजारात माझ्या लग्नापेक्षा जास्त गाजली. निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. मामा हैदराबादेत सरकारी दफ्तरात कारकून होता. साहेबाचं काम औरंगाबादेत निघालं आणि मामालाही विमानात जागा मिळाली. त्याने निरोप धाडला, रेल्वेत रात्र जाते, विमानाला दीडच तास लागतो, आणि आपलं गाव तर वाटेतच आहे.

वाटेत आहे, एवढं आमच्या माणसांना पुरलं. आमच्याकडे पाहुणा दारावरून न थांबता गेला की कायमचा अबोला धरतात. त्यामुळे विमान थांबेल का, हे कुणी विचारलंच नाही. कुठे थांबेल, एवढाच खल झाला. वडिलांनी खळ्याशेजारचं रान साफ करून घेतलं, चार कोपऱ्यांवर पांढरी धोतरं अंथरली आणि मामाला आणायला बैलगाडी जुंपून ठेवली.

"एवढ्यात उतरंल का वो इमान?" आईने विचारलं.

"घार उतरती की एवढ्यात. आन् तुजाच भाऊ हाय, हात केला की थांबवंल."

औरंगाबादेहून माघारी सोनपेठला यायला किती लागतं, हे मात्र मामानेही कुणाला विचारलं नव्हतं.

मला विमानाचं कौतुक नव्हतं. लहानपणी मामाने मला खांद्यावर बसवून गोदावरीचा पूर दाखवला होता. बोहल्यावर माझ्या पाठीशी तोच उभा हवा होता. हळद लागल्यापासून मी देवाजवळ तेवढंच मागत होते.

लग्नादिवशी सकाळी आभाळात घरघर झाली. वऱ्हाड, आचारी, वाजंत्री, सगळे रानात पळाले. वडिलांनी डोक्याचा पटका सोडून हलवला. विमान आलं, धोतरांवरून गेलं आणि दिसेनासं झालं. वाजंत्र्यांनी तेवढ्यात वाजवून घेतलं.

"गेलं की वो," आई म्हणाली, आणि मटकन खाली बसली.

वळून येईल, म्हणून मुहूर्तापर्यंत सगळे आभाळाकडे बघत राहिले. मग आईच्या चुलत भावाची आठवण झाली. विमानवाल्या मामापुढे आपल्याला कुणी विचारत नाही, म्हणून तो आदल्या दिवसापासून ओसरीवर रुसून बसला होता. तो दोनदा चहा प्यायला, टोपी झटकली आणि मगच उठला. अंतरपाटामागे मी हुंदके देत होते. पोरगी माहेरासाठी रडते, म्हणून बायकांनी कौतुक केलं. मला तेव्हा विमानाचा, मामाचा आणि देवाचाही राग आला होता.

तिसऱ्या दिवशी सासरी मी तुळशीला पाणी घालत होते. मागे पावलं वाजली. वळून बघते तर मामा, डोक्यापासून पायापर्यंत धुळीने भरलेला. औरंगाबादेहून रेल्वे, गंगाखेडहून बैलगाडी, आणि सोनपेठला रिकामा मांडव बघून पुन्हा बैलगाडी. हैदराबादेहून साध्या रेल्वेने निघाला असता तर हळदीला पोचला असता.

"वरून मांडव दिसला गं," तो म्हणाला. "धोतरं बी दिसली. विमानवाल्याला लय इनवलं, दोन मिनटं थांबा, भाचीचं लगीन हाय. त्यो हसायला लागला. मला रडू आलं."

मी तांब्या घेऊन नुसतीच उभी राहिले. मामाने टोपी नीट केली, माझ्या पाठीशी आला आणि बोहल्यावर राहतात तसा ताठ उभा राहिला.

"घाल आता पाणी," तो म्हणाला. "मी हाय मागं."