माघारी ठेवायचं बटण

घाटनांदूरला स्टेशनाकडं जाणाऱ्या रस्त्यावर रेवणसिद्ध अप्पांचं किराणा दुकान होतं. दुकानात सरकी पेंड, गूळ, मीठ, सुतळी, उदबत्ती आणि अप्पा एवढा माल कायम असायचा. बाकीचा असला तर असायचा. "अप्पा, साखर हाय का?" असं कुणी विचारलं, की अप्पा उठत, डबा उघडून आत बघत, डबा रिकामा असला तरी झाकण पुन्हा नीट फिरवून लावत, जागेवर येऊन बसत आणि मग म्हणत, "न्हाई." तोवर घाईतलं गिऱ्हाईक दुसरीकडून साखर घेऊन, घरी चहाला आधण ठेवून बसलेलं असे.

अप्पांची ख्याती मात्र वेगळ्याच गोष्टीसाठी होती. त्यांच्या हातात धरायला दिलेली वस्तू ते खाली ठेवत नसत. एकदा बाजाराच्या दिवशी एकानं "अप्पा, एवढी पिशवी धरा, आलोच" म्हणून भाजीची पिशवी दिली आणि तो दाढी करायला जाऊन बसला. न्हाव्याकडं गर्दी होती. गडी परत आला तेव्हा अप्पा एका हातात पिशवी घेऊन दुसऱ्या हातानं शेंगदाणे जोखत होते. "आवो, खाली ठिवायची की," तो म्हणाला. अप्पा म्हणाले, "धरा म्हनालतास."

दुकानात बोलायचं काम शांतादेवींचं होतं. अप्पांची बायको. त्या बोलायच्या, अप्पा जोखायचे. संसार असा दोन पारड्यांचा चालला होता आणि काटा मध्ये उभा होता.

एका उन्हाळ्यात शांतादेवींच्या पोटात दुखू लागलं. अंबाजोगाईला नेलं. ऑपरेशनच्या आधी नर्सबाई म्हणाली, अंगावरचं सगळं काढून द्या. शांतादेवींनी मंगळसूत्र काढलं, बांगड्या काढल्या. गळ्यातल्या लिंगाशी येऊन हात थांबला. लिंगायतांच्यात लहानपणी स्वामींच्या हातून मिळालेलं लिंग जन्मभर अंगावर असतं. रोज सकाळी ते डाव्या तळहातावर घेऊन त्याची पूजा होते. शेवटी माणसाला मांडी घालून बसवून पुरतात, तेव्हाही ते त्याच्या तळहातावर ठेवून सोबतच देतात. शांतादेवींनी चांदीची डबी दोऱ्यासकट काढली आणि अप्पांच्या हातात दिली.

"खाली ठिवू नका. तुमच्या गळ्यात घाला. बाहेर आले की माझ्या हातात माघारी द्या."

"देतो," अप्पा म्हणाले.

त्या बाहेर आल्या, पण हात पुढं करायला उरल्या नव्हत्या.

शेतात, विहिरीपलीकडं, त्यांना बसवलं. विभूती झाली, बेल झाला. केदारनाथ स्वामींनी हात पुढं केला आणि विचारलं, "हिचं लिंग?" अप्पांच्या गळ्यात सदऱ्याच्या आत दोन डब्या होत्या, एक स्वतःची, एक तिची. अप्पा म्हणाले, "सापडंना." स्वामींनी आपल्या पिशवीतून एक नवं लिंग काढून त्या तळहातावर ठेवलं आणि माती पडू लागली.

हे तेव्हा आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढं कळलं, पण आधीच सांगतो, नाहीतर अप्पा नंतर जसे वागले ते नुसतं विक्षिप्त वाटेल. सगळ्या गावाला वाटलंच तसं. वर्ष उलटलं तरी अप्पांनी समाधीवर ओटा बांधला नाही. लेक रुचिका मागं लागली की अप्पा म्हणत, दगड चांगला मिळंना. दगड मिळाला तर बंकट गवंड्याला वेळ नाही. बंकट दारात येऊन उभा राहिला तर, हा महिना बरा न्हाई. ओट्याचा दगड बसला, की माघारी द्यायची वाट बंद. द्यायला हात उचलत नव्हता आणि ठेवून घेणं सोसत नव्हतं. रोज सकाळी दार लावून ते दोन्ही लिंगांची पूजा करत आणि दिवसभर सदऱ्याचं वरचं बटण लावून बसत. मे महिन्यातसुद्धा.

हे दोन हजार सालाच्या आगंमागंचं. गावात केबल आली होती, पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ झाले होते, आणि रुचिकानं अंबाजोगाईला कोर्स करून दुकानाच्या कोपऱ्यात कॉम्प्युटर मांडला होता. लग्नपत्रिका छापून द्यायचा विचार होता. पण लग्नाचा हंगाम वर्षातून एकदा येतो आणि कॉम्प्युटरवर धूळ रोज बसते. मग पुण्याच्या मैत्रिणीनं तिला एका गेमची सीडी दिली. गावात सगळे त्याला खजिन्याचा गेम म्हणत. एक दाढी वाढलेला माणूस पाठीला पिशवी लावून डोंगर, दऱ्या, पडकी देवळं धुंडाळतो आणि बुडालेल्या राज्याचा खजिना शोधतो. मधेमधे सिनेमासारखं आपोआप चालतं, संगीत वाजतं, पूल कोसळतात.

एका दुपारी तो माणूस कड्याला लोंबकळत असतानाच समोरच्या बूथवाल्यानं रुचिकाला फोन आल्याची हाक मारली. तिनं अप्पांना खुर्चीवर बसवलं. "हे बटण दाबून धरा. सोडलं की तो पडतो. आलेच."

फोन मैत्रिणीचा होता. रुचिका परत आली तेव्हा एक गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं होतं, दुसरं स्वतःच्या हातानं पेंड जोखत होतं, आणि अप्पा घामानं भिजून, बोट पांढरं पडेस्तोवर बटण दाबून बसले होते.

"अप्पा, सोडायचं की. मेला तर पुन्हा सुरू होतो तो."

"तू धर म्हनालतीस," अप्पा म्हणाले. जरा वेळानं त्यांनी विचारलं, "आता हा वर कसा येतो?"

तिथून अप्पा खेळायला लागले. शांतादेवी गेल्यापासून त्यांनी विचारलेला तो पहिला प्रश्न होता, त्यामुळं रुचिकानं आपली खुर्ची सोडली ती सोडलीच.

अप्पांची खेळायची रीत निराळी होती. देऊळ आलं की आधी बाहेरून प्रदक्षिणा. त्या गड्याच्या पायातले बूट काढायची गेममध्ये सोय नव्हती, म्हणून अप्पा स्वतःच्या चपला काढून टेबलाखाली ठेवत. चुकून त्याचा पाय मूर्तीला लागला, तर अप्पा पडद्याला बोट लावून छातीला लावत. दुपारच्या गिऱ्हाइकांना सवय झाली.

"अप्पा, अर्धा किलो गूळ."

"थांब जरा. भिंतीला लटकायलाय. खाली उतरला की देतो."

आणि गिऱ्हाईक थांबे. गुळासाठी नाही, तो उतरतो का ते बघायला.

सुग्रीव रोज यायचा. हा अप्पांचा लहानपणचा मैतर, जातीनं धनगर. मेंढरं स्टेशनामागच्या पडीत बसवायची, काठी दाराला टेकवायची आणि अप्पांच्या मागं उकिडवं बसून सल्ले द्यायचे. गेममध्ये लांडगे आले की त्याला चेव चढायचा.

"गोळी घालू नको रेवण्णा. आदी हाकार. हूल दिली की जातो त्यो."

"ह्याला हाकारायला येत न्हाई."

"मग कशाला आलाय बे हा डोंगरात? आन ह्याची बाईल न्हाई का घरी? कशापायी फिरतोय?"

"खजिन्यासाठी."

"आमचा चुलता फिरलता. दोन एकर उकरून ठिवलं. शेवटी त्यात हरबरा पेरला."

असं करत करत, लाईट असेल तेवढं खेळत, लाईट गेली की गूळ जोखत, अप्पा गेमच्या शेवटाला पोचले. त्या दिवशी दुपारी आम्ही चारपाचजण दुकानात होतो. दगडी दार सरकलं. संगीत थांबलं. आत एक लहानशी खोली होती. भिंतीतल्या कोनाड्यात राणी बसली होती, मांडी घालून, डोळे मिटून. डावा तळहात मांडीवर उताणा आणि त्यावर एक हिरवा खडा. पडद्यावर खाली हाताचं चित्र चमकू लागलं. म्हणजे बटण दाबा, उचला.

अप्पांनी कीबोर्डवरनं हात काढून घेतला.

"अप्पा, दाबा," रुचिका म्हणाली. "हेच शेवटचं. हे घेतलं की गेम संपला."

"तिच्या हातातलं हाय ते."

"गेम आहे अप्पा."

"उचल की रेवण्णा," सुग्रीव म्हणाला. "एवढ्या लांब काय बघायला आलतास?"

अप्पांनी पडद्यावरची नजर काढली नाही. विचारलं, "माघारी ठिवायचं बटण कोणतं?"

रुचिका हसली. "तसं बटण नसतं अप्पा. इथं सगळे घ्यायलाच येतात."

अप्पांनी सदऱ्याचं वरचं बटण काढलं, आत हात घातला आणि दोऱ्यासकट चांदीची एक डबी बाहेर ओढली. मग दुसरी. दुसरी पहिल्यापेक्षा लहान होती आणि तिच्या झाकणावर एक पोचा होता. तो पोचा रुचिकाच्या ओळखीचा होता. लहानपणी आईच्या मांडीवर झोपताना तो तिच्या गालाला लागायचा.

"हे अव्वाचं आहे," ती म्हणाली.

"हां."

"तुम्ही सापडत नाही म्हणालतात."

"खोटं बोललो." अप्पांचा आवाज गूळ देतानासारखाच होता. "तिच्याच हातात माघारी द्या म्हनालती. स्वामींनी हात पुढं केला. तिनं न्हाई."

आम्ही एकेकजण उठलो. कुणाला कुणाच्या तोंडाकडं बघवेना. सुग्रीवनं काठी घेतली, दारापर्यंत गेला, आणि काठी पुन्हा टेकवून पायरीवर बसला. मेंढरं पडीतून निघून पार रुळापर्यंत गेली तरी तो उठला नाही.

आत रुचिका एवढंच म्हणाली, "दीड वर्ष झालं अप्पा. मला तरी सांगायचं." मग ती रडली. अप्पा उठले, आणि काय करावं न कळून तिच्यासाठी तांब्याभर पाणी घेऊन उभे राहिले. ती घेईपर्यंत तांब्या हातातच होता.

दुसऱ्या दिवशी अप्पा आणि रुचिका मठात गेले. केदारनाथ स्वामी म्हातारे होते आणि रागीट म्हणून नावाजलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तवा म्या विचारलं, तर सापडंना म्हनालास."

"हां."

"समाधीच्या काठावर उभा ऱ्हाऊन."

"हां."

स्वामी चिडतील म्हणून रुचिका पुढं सरकली. पण स्वामी त्या पोचा पडलेल्या डबीकडं बघत बसले. ते लिंग शांतादेवींच्या गळ्यात स्वामींच्याच वडिलांनी बांधलेलं होतं.

"ऐक," ते शेवटी म्हणाले. "तिच्या हातावर म्या जे ठिवलं, ते तिचंच झालं. ती रिकामी गेली न्हाई. रोज पूजेला बसून हेच मनात आनत आसशील, तर सोड ते. आता हे. एकाचं दुसऱ्यानं घालायचं नसतं. तिची माती उकरायची न्हाई. ओटा बांध आन ओट्याच्या पोटात हे ठिव, तिच्या अंगावर. पन तुझ्या गळ्यातून म्या काढनार न्हाई. तिनं तुझ्या हातात दिलंय. तूच दे."

या खेपेला दगडही चांगला निघाला आणि महिनाही. बंकटनं ओट्याच्या चारी बाजू उचलल्या, मध्ये कोनाडा ठेवला, वर टाकायची फरशी कडेला उभी केली. स्वामींनी मंत्र म्हटले आणि बाजूला झाले. अप्पा पुढं आले. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, डाव्या तळहातावर ती डबी.

तळहात कोनाड्याच्या तोंडाशी गेला आणि तिथंच थांबला.

विहिरीवर कुणाचं तरी इंजिन चालू होतं. बंकट थोडा थांबला, मग आणखी थोडा थांबला. शेवटी हळूच म्हणाला, "आप्पा, सिमिटाचा माल आळायलाय."

"आळू दे बे," सुग्रीव त्याला म्हणाला.

अप्पांचं बोट डबीवर दाबलेलं होतं, पांढरं पडेस्तोवर. रुचिकानं ते बोट पाहिलं. ती जवळ गेली आणि त्यांच्या मनगटाला हात लावला.

"सोडा आता अप्पा. कुणी पडत नाही."

अप्पांनी तिच्याकडं पाहिलं. मग वाकले, पार आत हात घातला आणि म्हणाले, "घे गं." बायकोला त्यांनी कधी नावानं हाक मारली नव्हती, तेव्हाही मारली नाही. हात बाहेर आला तो रिकामा होता. बंकटनं आणि सुग्रीवनं फरशी उचलून बसवली.

संध्याकाळी दुकान उघडलं. कोपऱ्यात कॉम्प्युटर बंद होता. ती राणी तिच्या खोलीत खडा घेऊन तशीच बसलेली राहिली; अप्पांनी पुढं कधी तो गेम उघडला नाही आणि रुचिकानंही पुरा केला नाही. अप्पा गादीवर बसले होते. मधूनच हात गळ्याशी जात होता, एकच दोरा लागला की खाली येत होता.

आम्ही उगाच, काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "अप्पा, साखर हाय का?"

"न्हाई," अप्पा बसल्याजागीच म्हणाले.

रुचिका उठली. तिनं डबा उघडला, साखर जोखली आणि पुडी बांधून आमच्या हातात दिली.