उलटे फिरलेले पाणी

शनिवार, २२ सप्टेंबर १९६२. दुपारचे बारा वाजून चाळीस मिनिटे. ही वेळ मी टोनीच्या हॉटेलातील भिंतीवरच्या घड्याळात पाहिली.

भूतखेत, संकेत असल्या गोष्टींवर माझा कधीही विश्वास नव्हता, आजही नाही. मी बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात तपासनीस होतो. तपासल्याशिवाय सही करायची नाही, हा माझा नियम. तो मी एकदा मोडला, म्हणून हे लिहितो आहे.

टोनी इटालियन. महायुद्धात कैदी म्हणून इथल्या छावणीत आला, सुटल्यावर अमेरिकेत थोरल्या भावाच्या खाणावळीत राबला, आणि मग परत येऊन, इथलीच मुलगी करून, कँटोनमेंटमध्ये सहा टेबलांचे हॉटेल काढून बसला. शनिवारी कारखाना अर्धा दिवस असे. सुटल्यावर मी आणि कुलकर्णी तिथे जेवत असू. कुलकर्णी धारवाडचा, कारखान्यातल्या आमच्याच शॉपचा, म्हणजे विभागाचा, फोरमन. आम्हां दोघांसाठी टोनी टोमॅटोचा बिनमांसाचा सॉस वेगळ्या भांड्यात करी.

स्पॅगेटी समोर आली की कुलकर्णी ग्लासातले पाणी ताटाभोवती फिरवी आणि उजवीकडे, लाल चौकटींच्या टेबलक्लॉथवर, स्पॅगेटीचे पाच तुकडे मांडी. चित्राहुती. मी हे घरीही करत नसे. ओले कापड पाहून टोनी म्हणे की माझे टेबल म्हणजे तुमचे शेत नव्हे, आणि तुमच्या देवांना माझे चीज चालते तरी का?

“यातला एक घास यमाचा,” कुलकर्णी सांगे. “त्याला सगळं चालतं.”

आदल्या दिवशी, शुक्रवारी, आमचे बिनसले होते. शॉपमध्ये दोन क्रेन. दोन्हींचे वायररोप, म्हणजे तारांचे दोर, नवे, एकाच खेपेतले, आणि दोन्ही मी पास केलेले. कुलकर्णी म्हणाला की वजन घेताना पहिल्या क्रेनचा दोर कुरकुरतो. मी त्याला कंपनीचे सर्टिफिकेट दाखवले. वास्तविक ग्रीस पुसून, दोराचे पदर उकलून आत पाहायचे असते. मी पाहिले नव्हते... कित्येक महिने मला जवळचे नीट दिसत नव्हते, आणि हे मी कोणालाही सांगितले नव्हते.

रागावला की कुलकर्णी मला अहोजाहो करी. “साहेब, सही तुमची,” तो म्हणाला. “खाली उभा राहणारा मी.”

त्यानंतर आम्ही बोललो नाही. मात्र शनिवारी सकाळी मी रजा घेतली आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी थेंब घातले. म्हणून लांबचे घड्याळ स्पष्ट होते आणि हातातले मेनूकार्ड धूसर. वाचकांनी हे ध्यानात ठेवावे. मीही ठेवले आहे.

कुलकर्णी येईल असे वाटले नव्हते. तरी मी तिथे गेलो. म्हातारा वेटर मुनियप्पा याने सवयीने, न विचारता, दोन ताटे आणून ठेवली. तेवढ्यात कुलकर्णी समोर येऊन बसला. चेहरा मला अस्पष्ट दिसत होता. अंगावर कामाचे कपडे होते – कपडे बदलल्याशिवाय तो कधी येत नसे – आणि ग्रीसचा वास येत होता. त्याने ग्लास उचलला, पाणी फिरवले, तुकडे मांडले. पाणी उलटे फिरले होते, उजवीकडून डावीकडे. पितृपंधरवडा चालू होता. तसा हात फक्त श्राद्धात फिरतो.

“कुलकर्णी, हात उलटा फिरला,” मी म्हणालो.

“आज असंच. आपटे, दुसरी थांबव.”

“दुसरी काय?”

“क्रेन. खाली आठ माणसं आहेत. ऊठ, फोन कर.”

अहोजाहो नव्हते. मी उठलो. का उठलो, ते सांगता येत नाही. काउंटरवरून गेट ऑफिसला फोन लावला आणि दुसरी क्रेन चालवू नये असे सांगितले.  टाइमकीपरने विचारले, “सर, तुम्हाला कुणी कळवलं?”

त्याच्याकडून कळले की बारा वीसला पहिल्या क्रेनचा दोर तुटला होता. दिवसाचा शेवटचा बोजा कुलकर्णीवर पडला होता. तो बोजा उचलण्यासाठी आता दुसरी क्रेन आणत होते.

मी बजावले की तिला हात लावायचा नाही, खालची माणसे बाजूला करा, जॅक लावा, जबाबदारी माझी. मित्राच्या अंगावरचे ओझे मी उचलू देत नव्हतो. तो जिवंत असता तर जॅकने लागलेला वेळ त्याला भोवला असता, हे मला कळत होते. तो जागीच गेला होता, असे कारखान्याच्या डॉक्टरांनी नंतर सांगितले.

टेबलाकडे वळलो तेव्हा खुर्ची रिकामी होती. मुनियप्पा म्हणाला की कोणीच आले नव्हते, तुम्ही एकटेच बोलत होता, स्वल्प मोठ्याने. मी कापडावर बोट फिरवले. ताटाभोवती ओले होते. उजवीकडे पाच तुकडे होते. माझा ग्लास भरलेला, समोरचा अर्धा.

टोनीने मला आपल्या मोटारीतून कारखान्यात पोचवले. 

शुक्रवारचे बोलणे मनात घोळत होते, त्यातून भास झाला, असे मी स्वतःला अनेकदा समजावले. ते पटण्यासारखे आहे. परंतु खाली आठ माणसे होती. बाजूला केलेली ती माणसे मी पोचल्यावर मोजली. पाणी कोणी फिरवले, हेही मला आजतागायत ठाऊक नाही.

संध्याकाळी पाच वाजता मी दुसऱ्या क्रेनचा दोर उतरवून घेतला. डोळ्यांना अजून जवळचे दिसत नव्हते, म्हणून ग्रीस पुसून बोटांनी पदर उकलले. आत गंजाची भुकटी होती आणि तारा चिमटीत मोडत होत्या. मी लाल चिठ्ठी मागवली. तिच्यावर ‘वापरू नये’ असे लिहिले, आणि खाली, ‘न तपासता पास केला – आपटे.’ अक्षरे वाचता येतात का, हे पाहायला ती टाइमकीपरकडून वाचून घेतली. चिठ्ठी दोराला बांधली आणि गाठ दोनदा ओढून पाहिली.