कानाजवळचा श्वास

मशीनच्या तेलाचा वास आला की अजूनही हात नाकावरचा मास्क चाचपायला जातो. चाकणच्या आमच्या कारखान्यात, पत्रे दाबून सुटे भाग काढणाऱ्या प्रेस शॉपमध्ये एवढा आवाज असायचा, की बोलायचं तर कानाला तोंड लावूनच. कोरोनातही ती सवय सुटली नव्हती. एका दुपारी शेजारच्या मशीनवरचे काका मास्क हनुवटीवर ओढून माझ्या कानात ओरडले, “अंगात कणकण हाय, राव!” त्यांचा गरम श्वास मानेवर आला. माझा मास्क नाकावर होता, तरी मी दोन पावलं मागे सरलो. संध्याकाळी बायकोनं दार उघडून तान्ही लेक पुढे केली, तर मी जिन्यातूनच ओरडलो, “दार लाव!” मास्कनं मला तारलं, काका कामावर परत आलेच नाहीत. आता लेक गुपित सांगायला कानाशी येते, आणि मी श्वास रोखून धरतो.